किराया हा धंदा आहे, मेहेरबानी नव्हे



5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, आणि आपण सगळ्यांनी आनंद केला. पण जिल्हा म्हणजे नुसती कलेक्टरची पाटी नव्हे. बदलीवर येणारे बाबू, शिक्षक, पोलीस यांना राहायला खोली लागते. जुन्या वस्तीत वाडे आपले, बाजारात दुकाने आपली. किरायाचा धंदा मात्र ज्याने काल प्लॉट घेऊन चार खोल्या काढल्या तो करतो. त्याला आम्ही दोष देत नाही. तो हिशेब ठेवतो, आपण ठेवत नाही. आमचा आरोप आपल्याच घरावर आहे.

आपल्याकडे आजोबांनी ज्या रकमेवर दुकान दिले, जवळपास त्याच रकमेवर समोरच्याचा नातू बसलेला असतो. मागायला भीड, वाढवायला लाज. पावती नाही, करारनामा नाही. कौले फुटली की किरायेदार सांगतो, आपण म्हणतो, "पोळ्यानंतर पाहू." मग तो किराया रोखतो, आपण बोलचाल बंद करतो, आणि पाच भावांच्या नावावरचा वाडा कोर्टाच्या तारखांत सडतो. शेवटी कंटाळून त्यालाच पडेल भावात रजिस्ट्री करून देतो आणि ओसरीवर बसून म्हणतो, "गाव आपले राहिले नाही." 1956 मध्ये नागपूर तिकडे गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो, ती रेषा आपल्या हातात नव्हती. रजिस्ट्रीवरची सही तर आपलीच होती ना?

बारा वर्षे राहिला की किरायेदार मालक होतो, या भीतीने कित्येक घरांना कुलपे आहेत. हे चूक आहे. मालकाच्या परवानगीने राहणारा नुसती वर्षे मोजून मालक होत नाही. तो किरायेदार आहे हे दाखवणारा कागदच नसला, तर मात्र पंचाईत. आणि 11 महिन्यांचा कागद म्हणजे ताईत नव्हे. वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या कायद्याने सक्तीची आहे, ती टाळायला हे 11 महिने आले. मुदत संपली म्हणून माणूस आपोआप उठत नाही. राज्याचा 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम कारणे मागतो: थकबाकी, परस्पर दुसऱ्याला दिलेली जागा, मालकाची स्वतःची खरी गरज. थकबाकी सिद्ध करायला पावतीपुस्तक लागते. ते आपल्यापैकी किती घरांत आहे?

आता हिशेब. 4,000 च्या खोलीचे वर्षाला 48,000 धरू नका. महिनाभर रिकामी गेली की 44,000. आयकराचा कायदा घरभाड्यातून नगरपालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के सूट देतो, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. सरकार दुरुस्तीपोटी एवढे धरते, आपण शून्य का धरतो? दरवर्षी 13,000 वेगळ्या खात्यात टाका आणि लग्न-तेरवीसाठी त्याला हात लावू नका.

उलट टोकाचेही लोक आहेत. संत्र्याचा बगीचा विकायचा, वर कर्ज काढायचे आणि नागपूरला फ्लॅट घ्यायचा, "किरायावर हप्ता फिटेल" म्हणून. 25 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 22,500 येतो. किराया 10-12 हजार आला, तर उरलेले कोण भरणार? संत्रा भरला असता, पण तो विकला.

आडनाव विचारून खोली नाकारणेही आता बंद करा. दुकानदार गिऱ्हाईकाची जात विचारत नाही. ओळखपत्र पाहा, पोलिसांत नोंद द्या, पावती फाडा.

नगरपालिकेने जुन्या वस्तीतील घरांच्या नामांतरणासाठी वॉर्डावॉर्डात शिबिरे घ्यावीत, ही आमची मागणी आहे. पण मृत आजोबांचे नाव कागदावर ठेवून बसलेले आपणच आहोत. वाडा पाच नावांवर असेल तर पाचांनी मिळून एकाला मुखत्यारपत्र द्यावे, खाते एक ठेवावे, वर्षातून एकदा हिशेब सगळ्यांपुढे मांडावा. पोळ्याला नागपूर-पुण्याचे भाऊ गावी येतातच. यंदा गोटमार पाहायला येणाऱ्यांनी घराचे जुने कागद सोबत आणावेत.