प्रवासात हाताने जेवा, आधी साबण लावा

गेल्या वर्षी अशोक विजयादशमीला हर्सूलहून आमच्या वस्तीची बस नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. परत आल्यावर दोन दिवसांत सहा जणांना जुलाब सुरू झाले. त्यात दोन लहान लेकरे. एका मावशींना तर सलाइन लावावे लागले. महिला मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक शिकलेला मुलगा म्हणाला, "ताई, अजून किती दिवस हाताने खायचं? पुढच्या वेळी सगळ्यांना प्लास्टिकचे चमचे देऊ." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही.

मी त्याच बसमध्ये होते. परतीच्या वाटेवर एका धाब्यावर गाडी थांबली. सगळ्यांनी घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा काढला. काहींनी धाब्यावरची भाजी घेतली. त्याआधी आमचे हात कुठे कुठे लागले होते? बसच्या दांड्याला, सुट्ट्या पैशांना, चपलेच्या पट्ट्याला, लेकराच्या नाकाला. मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात. रस्त्याकडेला शौचाला जाऊन आलेल्यांनी बाटलीतले चार थेंब बोटांवर सोडले आणि साडीच्या पदराला पुसले. साबण कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नव्हता, आणि मी इतकी वर्षे वस्तीत आरोग्याचे काम करते.

जुलाब, टायफॉइड, कावीळ, जंत हे बहुतेक विष्ठेतून हातावर आणि हातावरून तोंडात जातात. नुसत्या पाण्याने वरची धूळ जाते. तेलकटपणा आणि त्याला चिकटलेले जंतू निघायला साबण लागतो. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाब साधारण 30 टक्क्यांनी कमी होतात असे दिसले. पाच-दहा रुपयांच्या वडीने एवढे होत असेल, तर चमचे कशाला विकत घ्यायचे? धाब्यावरचे चमचे कसे धुतात तेही बघा. एकाच बादलीत बुडवतात आणि एकाच फडक्याने पुसतात. आपला हात आपण स्वतः धुतलेला असतो, एवढी तरी खात्री असते. आणि ज्याने चमचा धरायचा तो हात घाण असेल, तर भाकरी तोडायला तोच हात पुढे येणार आहे.

मला दुसरेही एक खटकले. त्या मुलाच्या बोलण्यात आरोग्यापेक्षा लाज जास्त होती. हॉटेलात भाकरी कुस्करून खाल्ली तर शेजारचे बघतात, असे आता आपल्या पोरांना वाटते. श्रीलंकेत, म्यानमारमध्ये आजही बौद्ध घरांत भात हातानेच खातात. भिक्खूंच्या पातिमोक्खात 75 सेखिय नियम आहेत, त्यातले कितीतरी जेवणाचे आहेत: सगळा हात तोंडात घालू नये, बोटे चाटू नयेत, उष्ट्या हाताने पाण्याचे भांडे धरू नये. हाताने जेवायचे हे त्यात गृहीतच आहे. शिकवले आहे ते कसे जेवायचे. शेवटचा नियम तर आजही प्रवासात पाळण्यासारखा आहे. आमच्या बसमध्ये एकच कॅन होता आणि जो तो खरकट्या हाताने त्यात पेला बुडवत होता. एकाच्या हातावरचे सगळ्यांच्या पोटात जायला दुसरे काय लागते?

प्रवास, जेवण आणि पाणी यांचा आपल्या माणसांशी जुना संबंध आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये 1901 सालचा मसूर ते गोरेगाव हा प्रवास लिहिला आहे. लहानगा भीमराव, भाऊ आणि भाचे असे निघाले होते. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून लेकरे अन्न जवळ असून उपाशी झोपली. 1934 मध्ये ते सुमारे तीस सहकाऱ्यांना घेऊन वेरूळला निघाले, तेव्हा आपल्या इथल्या दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर काहींनी प्रवासाची धूळ धुतली. तोंड आणि पाय धुतले, एवढाच गुन्हा. हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो सोबत हत्यारबंद शिपाई घेऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. ज्या वाटेवर धूळ धुण्यासाठी एवढा अपमान सोसावा लागला, त्या वाटेवर आज नळ समोर असताना आपण घाईत हात न धुता जेवायला बसतो, याचे मला वाईट वाटते.

पाणी कमी असते, हे कारण मी ऐकून घेणार नाही. नळाची चार-पाच दिवस, कधी आठवडाभर वाट बघणाऱ्या हर्सूलच्या बाईला पाणी कसे पुरवायचे ते कोणी शिकवायला नको. बाटलीच्या झाकणाला सुईने दोन-तीन भोके पाडा. बारीक धारेत एका बाटलीत तीन-चार जणांचे हात धुऊन होतात. आधी हात ओले करायचे, मग धार बंद करून वीस सेकंद चोळायचे. बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखे विसरायची नाहीत. मग धुवायचे आणि हवेत वाळू द्यायचे, पदराला पुसायचे नाहीत. वडी नसेल तर कपडे धुण्याची थोडी पावडर पाण्यात कालवून बाटलीत ठेवली तरी चालते. सॅनिटायझर माझ्या पिशवीत असतो, पण तेलकट, मळक्या हातावर तो नीट काम करत नाही आणि जुलाबाच्या काही विषाणूंना तो पुरा पडत नाही. आणि हात धुऊन आल्यावर जेवण होईपर्यंत मोबाइलला शिवू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

डब्यात काय न्यावे, यात आपल्या आज्या आपल्यापेक्षा शहाण्या होत्या. दशमी, धपाटे, कोरडी चटणी टिकते. शिजवलेला भात उन्हात तासन् तास ठेवू नका. त्यातले काही जंतू असे विष सोडतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. लेकरू सोबत असेल तर ओआरएसची दोन पाकिटे पिशवीत टाका. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण कालवायचे आणि ते पाणी 24 तासांत संपवायचे. मुलाला जुलाबातून रक्त पडले, किंवा ते सुस्त झाले, पाणीही पिईना, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आता आपल्या स्वतःच्या घरचे. 14 जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटजवळ आमची वस्ती दरवर्षी मसालेभात वाटते. पातेली किती, पत्रावळी किती, बॅनरवर कोणाचा फोटो, यावर महिनाभर चर्चा होते. हात धुण्याची सोय आम्ही एकदाही केली नाही. दुरून आलेली माणसे रांगेत उभी राहून तशाच हातांनी भात घेतात, आणि आम्हाला दान केल्याचे समाधान मिळते. मी बैठकीत म्हटले, यंदा दहा किलो तांदूळ कमी करा आणि त्या पैशात तोटीचा ड्रम भाड्याने आणा. बराच गोंधळ झाला. तांदूळ कमी करायला कोणी तयार नव्हते. अखेर वर्गणी पाच रुपयांनी वाढवली आणि ड्रम ठरला. तो रांगेच्या सुरुवातीला ठेवायचा, शेवटी नाही, कारण एकदा पत्रावळ हातात आली की कोणी मागे फिरत नाही. साबण जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधायचा, नाहीतर पहिल्या तासात नाहीसा होतो. ड्रमजवळ उभे राहायचे काम त्या चमचेवाल्या मुलाने आपणहून घेतले आहे.