लहान पडद्यावरील दिंडी-दरवाजा

जुन्या वाड्यांच्या महाद्वारास आणखी एक लहान दार असे, हें आमच्या वडील वाचकांस सांगावयास नको. मोठ्या दरवाजाच्या एका फळींतच, माणूस किंचित् वांकून आंत जाईल एवढें तें दार. त्यास दिंडी म्हणत. लग्नकार्याच्या दिवशीं किंवा धान्याच्या गाड्या आल्या म्हणजे महाद्वार उघडावयाचें, एरवीं रोजची ये-जा दिंडींतून व्हावयाची. वाडा तोच, चौक तोच, माजघर तेंच. मात्र येणारा जसा असेल तसें दार. अलीकडे संकेतस्थळें बांधणारी तरुण मंडळी ज्या वस्तूस ‘रिस्पॉन्सिव्ह नॅव्हिगेशन बार’ असें भारदस्त नांव देतात, ती मुळांत ह्याच जातीची आहे. आपल्या कुटुंबांतील मुलें-मुली हल्लीं घरच्या धंद्याकरितां, गांवच्या वाचनालयाकरितां किंवा एखाद्या शाळेकरितां अशीं पानें स्वतः बनवितात. तेव्हां ही वस्तु कशी बनते व तींत कोठें चुकतें, ह्याचा विचार ह्या महिन्यांत करूं.

संकेतस्थळाच्या पानाच्या माथ्यावर पांच-सात शीर्षकांची एक पट्टी असते. एखाद्या शीर्षकावर बोट ठेविलें कीं त्या विषयाचें पान उघडतें. पुस्तकास जशी अनुक्रमणिका, तशी स्थळास ही पट्टी. भेद एवढाच कीं, अनुक्रमणिका पुस्तकाच्या आरंभीं एकदांच येते आणि ही पट्टी प्रत्येक पानावर वाचकाच्या सोबतीस असते. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती एका ओळींत पसरते. परंतु मोबाईलचा पडदा उभा व अरुंद. तेथें तीच ओळ जशीच्या तशी घातली तर शीर्षकें एकमेकांवर चढतात, नाहीं तर अक्षर मुंगीएवढें होतें. पट्टीनें जागा पाहून आपला आकार बदलावा, एवढाच त्या इंग्रजी नांवाचा अर्थ.

उदाहरणादाखल बुलढाणा जिल्हा घेऊं. जिल्ह्यांत १३ तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणें वस्ती सुमारें २५ लाख ८६ हजार. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें ह्या मुलुखाचे दोन भाग केले आहेत, व तेथील माणूस आपला ठावठिकाणा सांगतांना ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ असें सहज म्हणून जातो. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगांव असा घाटाखालून जातो. जिल्ह्याचें मुख्य ठाणें बुलढाणा मात्र घाटावर, रेल्वेपासून दूर. संग्रामपूर किंवा जळगांव जामोदकडील माणसास जिल्ह्याच्या कचेरींत यावयाचें म्हणजे सबंध दिवस मोडतो. कोणता दाखला कोठें मिळतो, अर्जास कोणते कागद जोडावयाचे, एवढें घरबसल्या कळलें तर एक हेलपाटा वांचतो. आणि ज्याची मजुरी दिवसावर आहे, त्यास तो हेलपाटा म्हणजे त्या दिवसाची भाकरी होय. अशा माणसाच्या हातीं बहुधा संगणक नसतो, मोबाईल असतो. म्हणून सूचीची पट्टी त्याच्या लहानशा पडद्यावर नीट उघडते कीं नाहीं, ह्यावर त्याचें पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

जिल्हा प्रशासनाचें संकेतस्थळ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. १९७६ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें ‘एस-थ्री-वास’ नांवाचा एक तयार सांगाडा केला असून देशांतील शेंकडों जिल्ह्यांचीं स्थळें त्यावर उभीं आहेत. म्हणूनच एका जिल्ह्याचें स्थळ पाहिलें कीं दुसऱ्याचें ओळखीचें वाटतें. जिल्ह्याविषयीं माहिती, विभाग, पर्यटन, दस्तऐवज, सूचना, नागरिकांच्या सेवा, अशा धर्तीचीं शीर्षकें त्यांवर आढळतात. सरकारी स्थळें कशीं असावीं ह्याविषयींचे दंडक केंद्र सरकारनें २००९ मध्यें घालून दिले व २०२३ मध्यें त्यांची तिसरी आवृत्ति निघाली. घरीं पान बनविणाऱ्या मुलांस मात्र असा तयार सांगाडा मिळतोच असें नाहीं. त्यांनीं पट्टी मुळापासून बांधिली तर तिचें मर्म हातीं येतें.

ही कल्पना फार जुनी नाहीं. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं जिनीव्ह्याजवळील सर्न संस्थेंत वेबची योजना १९८९ मध्यें मांडली. मजकूर निराळा ठेवावा आणि त्याचा पोशाख, म्हणजे रंग, आकार, मांडणी, निराळा लिहावा, ही सूचना नॉर्वेचे हॉकोन विउम ली ह्यांनीं १९९४ मध्यें केली. तींतूनच सीएसएस ही पोशाखाची भाषा जन्मास आली. २००७ मध्यें आयफोन बाजारांत आला, आणि खिशांतल्या पडद्यावर पानें वाचण्याचा प्रघात पडूं लागला. तेव्हां कित्येकांनीं संगणकासाठीं एक व मोबाईलसाठीं दुसरें अशीं दोन स्थळें उभारलीं. पण दोन संसार चालविणाऱ्याची जी गत, तीच त्यांची झाली. एकींत लिहिलेली सूचना दुसऱ्यांत लिहावयाची राहूं लागली. अखेर २०१० च्या मे महिन्यांत ईथन मार्कोट ह्या अमेरिकन कारागिरानें ‘ए लिस्ट अपार्ट’ ह्या नियतकालिकांत एक लेख लिहून दाखवून दिलें कीं, मजकूर एकच ठेवून केवळ पोशाख पडद्याच्या रुंदीप्रमाणें बदलतां येतो. ‘रिस्पॉन्सिव्ह’ हें नांव ह्या कामास त्यानेंच दिलें.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे वळूं. पहिली पायरी म्हणजे पोशाखाचा विचार न करितां साधी यादी लिहिणें. एचटीएमएल भाषेंत ‘नॅव्ह’ नांवाचें एक वेष्टन आहे. त्यांत यादी, आणि यादींतील प्रत्येक कलमांत एक दुवा. ह्या वेष्टनाचा लाभ असा कीं, पडदा वाचून दाखविणारें यंत्र वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकास ‘येथें मार्गदर्शक सूची आहे’ हें आपोआप कळतें. ही यादी पोशाखावांचूनहि वाचतां आली पाहिजे व तिच्यांतील दुवे चालले पाहिजेत. पाया असा भरला म्हणजे वरचा मजला कोसळला तरी घर उघड्यावर पडत नाहीं.

दुसरी पायरी एका ओळीची आहे, परंतु ती राहिली तर पुढील सर्व श्रम फुकट जातात. पानाच्या शिरोभागीं ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ लिहून पडद्याची खरी रुंदी हीच पानाची रुंदी समजावी असें सांगावें लागतें. तसें न सांगितल्यास मोबाईल आपण सुमारें ९८० पिक्सेल रुंद आहों असें सोंग घेतो व सबंध पान आंखडून दाखवितो. वास्तविक ह्या कामांत जें माप चालतें, त्या मापानें बहुतेक मोबाईलांची रुंदी ३६० ते ४३० पिक्सेलांच्या आंतबाहेर असते.

तिसरी पायरी पोशाखाची. नवशिका मनुष्य प्रथम रुंद पडद्याची ऐट साधतो व मग ती मोबाईलांत कोंबूं पाहतो. ह्याच्या उलट जावें. प्रथम अरुंद पडदा डोळ्यांपुढें ठेवून यादी एकाखालीं एक अशी उभी मांडावी. मग ‘मीडिया क्वेरी’ नांवाची अट लिहावी: पडदा अमुक रुंदीहून मोठा असेल तर ‘फ्लेक्स’ मांडणीनें हीच यादी आडवी कर. ही ‘अमुक रुंदी’ कोणती, हा कळीचा प्रश्न आहे. पुष्कळ जण कोणत्या तरी नांवाजलेल्या मोबाईलचें माप पाठ करून तेंच घालतात; पण मोबाईल दरवर्षीं बदलतात. आपल्या शीर्षकांना किती जागा लागते तें मोजावें. सहा शीर्षकें, प्रत्येकास सरासरी १०० पिक्सेल व मधलें अंतर २० धरलें, तर ७०० पिक्सेलांखालीं ती ओळ मावणार नाहीं हें उघड आहे. त्यांतहि भाषेचा भेद आहेच. इंग्रजींत ‘होम’ लिहिलें तर जी जागा पुरते, ती ‘मुख्यपृष्ठ’ ह्या शब्दास पुरत नाहीं. शिवाय आपल्या देवनागरींत वेलांटी व मात्रा डोक्यावर आणि उकार पायाशीं. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेली पट्टी घेतली तर ‘सूची’ची वेलांटी वर कापली जाते, नाहीं तर उकार खालीं. म्हणून पट्टीची उंची पिक्सेलांत जखडूं नये. अक्षराच्या मानानें ती वाढूं द्यावी.

चौथी पायरी दिंडीची. अरुंद पडद्यावर उभी यादी सारी जागा खाते, म्हणून ती मिटून ठेवण्यास एक बटण देतात. त्यावरील तीन आडव्या रेघांची खूण नॉर्म कॉक्स ह्यांनीं झेरॉक्स कंपनीच्या १९८१ मधील ‘स्टार’ संगणकाकरितां काढिली होती. तरुणांस ती ओळखीची आहे. परंतु घरांतील आजीबाईंस त्या तीन रेघा म्हणजे गंधाचीं बोटें वाटलीं तर त्यांत त्यांचा काय दोष? रेघांशेजारीं ‘सूची’ हा शब्द लिहावा. दोन अक्षरांचा तर खर्च आहे. हें बटण खरेंखुरें बटण असावें, केवळ चित्र नसावें, म्हणजे कळफलकानेंहि तें दाबतां येतें. यादी उघडी आहे कीं मिटलेली, हें दृष्टिहीन वाचकास कळावें म्हणून बटणावर ‘एरिया-एक्स्पांडेड’ हा गुण लावून प्रत्येक वेळीं तो बदलावा. उघडझांप करण्यास जावास्क्रिप्टच्या पांच-सात ओळी पुरतात. पण सावधगिरी अशी कीं, यादी मिटण्याचें कामहि त्या ओळींनींच करावें. खेड्यांत जाळें मंद असतें. त्या ओळी येऊन पोंचल्या नाहींत तर यादी उघडी राहील, आणि वाचकाचें काम अडणार नाहीं. पोशाखांतच यादी कायमची मिटली व उघडणारी किल्ली वाटेंत हरवली, तर वाचक दाराबाहेरच राहील.

बटण व शीर्षकें बोटास नीट सांपडावीं. जागतिक मानकांच्या २०२३ मधील आवृत्तींत अशा लक्ष्याचें किमान माप २४ पिक्सेल सांगितलें असून, अधिक वरच्या श्रेणीस ४४ पिक्सेल अपेक्षिले आहेत. कष्टानें राठ झालेल्या किंवा वार्धक्यानें कांपणाऱ्या बोटास ४४ च बरे. तसेंच, माऊसचा बाण वर नेला कीं पोटयादी उघडते, ही संगणकावरील युक्ति मोबाईलवर चालत नाहीं. बोट हवेंत तरंगत ठेवतां येत नाहीं. पोटयादी दाबल्यावरच उघडावी.

इतकें झालें तरी खरा प्रश्न उरतोच: त्या यादींत काय असावें व कोणत्या क्रमानें? नील्सन नॉर्मन ग्रुप ह्या संशोधनसंस्थेनें २०१६ मध्यें केलेल्या पाहणींत असें दिसलें कीं, मुख्य सूची बटणामागें दडविली म्हणजे मजकूर सांपडण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें. म्हणून ज्या एक-दोन कामांसाठीं बहुतेक लोक येतात, तीं शीर्षकें मोबाईलवरहि उघड्यावर ठेवावीं. बाकीचीं दिंडीआड चालतील. आपल्या बुलढाण्याच्या पानावर तेराहि तालुके पट्टींत घालण्याचा मोह होईल. तो आवरून ‘तालुके’ असें एकच शीर्षक द्यावें. मग आंत त्यांची वांटणी ‘घाटावर’ व ‘घाटाखालीं’ अशी करावी काय? तेथल्या माणसास ती गोड वाटेल. परंतु लोणारचें सरोवर पाहावयास परप्रांतांतून निघालेल्या विद्यार्थ्यास लोणार वर कीं खालीं, हें काय ठाऊक! त्यापेक्षां खामगांवपासून सिंदखेड राजापर्यंत साधी वर्णानुक्रमानें यादी बरी. हाच न्याय इतर शीर्षकांस लावावा. कचेरीची रचना कचेरींतल्यांस ठाऊक. बाहेरच्या माणसाच्या तोंडीं ‘अमुक शाखा’ नसते, ‘उत्पन्नाचा दाखला’ असतो. शीर्षक त्याच्या तोंडचें असावें.

पट्टी पुरी झाल्यावर ती पारखण्याचे चार सोपे उपाय सांगून हें लिखाण आटोपतें घेतों. संगणकावरील खिडकी हातानें हळूहळू अरुंद करीत जावी व शीर्षकें कोठें अडखळतात तें पाहावें. अक्षर दुप्पट मोठें करून पाहावें. चाळिशी ओलांडलेले पुष्कळ वाचक तसेंच वाचतात, आणि अशा वेळीं रुंद पडद्यावरहि अरुंद मांडणीच उघडली पाहिजे. माऊस बाजूस ठेवून केवळ ‘टॅब’ कळीनें सर्व दुव्यांवरून फिरून यावें. मिटलेल्या यादींतील अदृश्य दुव्यांत कळ अडकून पडूं नये. चौथा उपाय एकत्र कुटुंबांत सर्वांत सोपा आहे: मोबाईल आजोबांच्या किंवा काकूंच्या हातीं द्यावा, ‘ह्यांतून उत्पन्नाच्या दाखल्याची माहिती काढून द्या’ एवढेंच सांगावें, आणि आपण स्वस्थ बसावें. मध्येंच बोट दाखवूं नये. त्या जेथें थांबतील, तेथें पट्टी दुरुस्त करावी. संग्रामपूरच्या एखाद्या शेतकऱ्याचा हेलपाटा वांचावयाचा असेल, तर तो त्याच जागीं वांचतो.