शुद्धलेखन तपासले, वाक्य कोण तपासणार?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरविले, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि आयोगाला ही पद्धती २०२५ च्या परीक्षेपर्यंत पुढे ढकलावी लागली. तयारीला वेळ मिळावा ही मागणी गैर नव्हती. परंतु त्या मागणीच्या तळाशी एक भीती होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१२ पासून ही मुख्य परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची होती. चार पर्यायांपैकी एकाचे वर्तुळ काळे करण्यात एका संबंध पिढीने आपली उमेदीची वर्षे घालविली आणि अकस्मात तिला सांगण्यात आले, की आता स्वतःची वाक्ये लिहा. गोंदियापासून अर्जुनी-मोरगावपर्यंतच्या वाचनालयांत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांची माहिती कमी नाही. ती माहिती वाक्यात बसविण्याची सवय मात्र त्यांना शाळेत कोणी लावली नाही आणि महाविद्यालयातही लावली नाही.

भाषेच्या शिक्षणात आपण काय तपासतो? ह्रस्व-दीर्घ तपासतो. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले व १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम अनुस्वार कोठे द्यावा आणि इकार कोणता लिहावा, हे सांगतात. वाक्य कसे उभे करावे, हा त्यांचा विषयच नव्हे आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. दोष आपला, की आपण शुद्धलेखन म्हणजेच लेखन असे समजून बसलो. तांबड्या शाईचा सारा खर्च वेलांटीवर होतो. कर्ता एका गावी आणि क्रियापद दुसऱ्या गावी अशा वाक्याखाली मात्र रेघसुद्धा पडत नाही.

आपल्या भागात या प्रकाराला आणखी एक बाजू आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यातील झाडीबोलीत ‘ण’ नाही. तेथे ‘न’ येतो. घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलणारी मुलेही याच वर्गात बसलेली असतात. अशा मुलाने ‘पानी’ म्हटले, की वर्ग हसतो व तेथून ते मूल तोंड मिटून घेते. वास्तविक झाडीबोलीचा वर्षानुवर्षे शास्त्रीय अभ्यास करून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिला स्वतःची व्यवस्था आहे, हे केव्हाच दाखवून दिले आहे. दंडारीत रात्रभर संवाद म्हणणाऱ्या माणसाचे एकही वाक्य अधांतरी राहत नाही, कारण ते राहिले तर समोरचा प्रेक्षक उठून जाईल. तेव्हा सुघटित वाक्याचा आग्रह म्हणजे प्रमाण भाषेची सक्ती, हा आक्षेप मला पटत नाही. वाक्याची बांधणी ही कोणा एका शहराची वा जातीची मिरास नाही. उलट ‘न’ आणि ‘ण’ यांवरून मुलाला गप्प करणारी शाळा त्याच्याजवळ असलेली वाक्याची जाणही मारून टाकते.

मी अर्थशास्त्र शिकवितो, भाषा नव्हे. ‘आमच्या विषयात आशय पाहायचा, भाषा कशाला?’ असे आमचे सहकारी म्हणतात. परंतु आशय वाक्याबाहेर कोठे ठेवलेला असतो? मागणीचा नियम सांगताना ‘इतर परिस्थिती कायम असताना किंमत घटली, की मागणी वाढते’ असे म्हणावे लागते. उत्तरपत्रिकेत पुष्कळदा असे लिहिलेले आढळते: ‘किंमत घटल्यामुळे मागणी वाढते आणि इतर परिस्थिती कायम राहते.’ शब्द बहुतेक तेच. पण पहिल्या वाक्यात जी अट होती, तिचा दुसऱ्यात परिणाम झाला आणि नियमाचा पायाच निखळला. यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तीच गत ‘भाववाढ कमी झाली’ आणि ‘भाव कमी झाले’ या दोहोंची. पहिल्याचा अर्थ एवढाच, की भाव वाढतच आहेत, फक्त वेग मंदावला. वृत्तपत्रांचे मथळेही हा भेद पाळतातच असे नाही आणि मग बाजारात डाळीचा भाव पाहून गृहिणी आकडेवारीला खोटे ठरविते.

ही गोष्ट परीक्षेपुरती असती तर फारसे बिघडले नसते. आपला जिल्हा धानाचा. हंगामात आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रांवर सूचना लागतात. समजा, एखाद्या फलकावर लिहिले, ‘नोंदणी न केलेल्या शेतकऱ्यांचा व दलालांचा धान घेतला जाणार नाही.’ ‘नोंदणी न केलेल्या’ हे विशेषण शेतकऱ्यांपुरते, की दलालांनाही लागू? लागू असेल, तर नोंदणी केलेल्या दलालाला वाट मोकळी झाली! लिहिणाराच्या मनात तसे नसते. पण फलक वाचणारा लिहिणाराच्या मनात शिरू शकत नाही, त्याच्यापुढे वाक्यच असते. ‘नोंदणी न केलेल्या शेतकऱ्यांचा धान घेतला जाणार नाही, दलालांचा मुळीच घेतला जाणार नाही’ असे लिहिले असते तर तीन शब्द वाढले असते आणि काट्यावरचे भांडण टळले असते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भाड्याने आणून आलेल्या माणसाला परत जावे लागले, तर ते भाडे शब्द वाचविणारा देत नाही.

कचेरीच्या मराठीचा आणखी एक आवडता प्रयोग म्हणजे कर्त्याला पसार करणे. ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘चौकशी करण्यात यावी’, ‘यथावकाश कळविण्यात येईल’. कोण करणार? केव्हा? कर्मणी प्रयोग मराठीत आहे व तो योग्य जागी शोभतोही. मात्र कर्ता सांगायचाच नाही म्हणून तो वापरला, की ते व्याकरण राहत नाही, ती सोय होते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि नियत कालमर्यादा जाहीर करणे बंधनकारक केले. म्हणजे कायद्याने वाक्याला कर्ता व काळ दोन्ही दिले. लिपिकाच्या हातचे पत्र मात्र अजून जुन्याच वळणाने जाते. यात एकट्या लिपिकाचा अपराध आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे नमुना म्हणून ठेवलेले पत्रही तसेच असते आणि कर्ता लिहिला तर उद्या जाब आपल्याला विचारतील, हे त्याला पक्के ठाऊक असते.

वाक्य ही इंग्रजीकडून आलेली चैन आहे, असाही एक समज ऐकू येतो. विरामचिन्हे तिकडून आली, हे खरे. वाक्य आलेले नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ऋद्धिपुरास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्यातील वाक्ये आखूड आणि बोलण्याच्या वळणाची आहेत. त्या ग्रंथातील चक्रधरांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर हे तर भंडाऱ्याचे आणि १९९९ पर्यंत आपण सारे भंडारा जिल्ह्याचेच होतो. पुढे रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ साली मराठीत देशाच्या आर्थिक स्थितीचा विचार मांडला, तेव्हा हाताशी परिभाषा नव्हती. त्यांनी जे निभावले ते वाक्याच्या बळावर.

उपाय मोठे नाहीत. शाळेत केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये एका गुणासाठी ओळखायला लावतात. ती लिहायला लावीत नाहीत. तीन केवल वाक्ये देऊन त्यांचे एक मिश्र वाक्य करा आणि पुन्हा ते मोडून दाखवा, एवढा सराव आठवड्यातून एकदा पुरे. निबंध तपासायला शिक्षकाला सवड नाही, हे मान्य. जनगणनेपासून मतदार यादीपर्यंतची कामे त्याच्या डोक्यावर, आणि महाविद्यालयांत तर रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरचे अध्यापक वर्षानुवर्षे राबत आहेत. म्हणूनच निबंध नको, पाच वाक्ये द्या. पाच वाक्ये तपासायला फार वेळ लागत नाही. ती कोणत्या बोलीच्या वळणाची आहेत, हे आधी पाहू नये. कोणी, काय, केव्हा, कोणत्या अटीवर, एवढे त्यांत आहे की नाही, ते पाहावे. कला आणि वाणिज्य शाखांच्या अध्यापकांनी आपापल्या विषयाच्या उत्तरपत्रिकांतही अशी रेघ मारायला हरकत नाही. मराठीच्या अध्यापकाने एकट्याने हा भार का वाहावा?

आणि कचेऱ्यांसाठी एक सूचना, जिला पैसा लागत नाही. फलक लावण्यापूर्वी तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवावा आणि त्याला काय समजले, ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. त्याने दोन अर्थ सांगितले, तर फलक पुन्हा लिहावा.