ओळख कोंढव्याबाहेरही हवी

लातूर-परभणीहून पुण्यात आलेला आपला इंजिनिअर कोंढव्यात खोली घेतो (दुसरीकडे सहज देतं कोण?) आणि पोर्टलवर अर्ज टाकत बसतो. नावामुळे बायोडाटा बाजूला पडतो, ही नुसती शंका नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७च्या अभ्यासात सारखीच पात्रता असूनही मुस्लिम नावांना कमी बोलावणी आली होती. म्हणूनच रेफरल लागतो. तो रूममेटकडून क्वचित मिळतो. त्याला ठाऊक असलेल्या जागा आपल्यालाही ठाऊक असतात. कॉलेजचा सिनिअर, जुन्या प्रोजेक्टमधली टेस्टर, मीटअपमध्ये भेटलेला कुणी कुलकर्णी, यांना लिहा. ‘भाई, जॉब आहे का?’ नको. जॉब आयडी, स्वतःबद्दल तीन ओळी, बायोडाटा. आठवड्याने आठवण द्यायला लाजू नका. आणि नोकरीत स्थिरावलेल्यांनो, असे किती मेसेज तुम्ही न उघडता ठेवलेत?