नवं अ‍ॅप घेताय? आधी बाहेर पडायची वाट शोधा

मित्राने लिंक पाठवली, रेटिंग चांगलं, डाउनलोड कोटींत. लगेच ‘इन्स्टॉल’! बहुतेकांची निवड एवढ्यावरच होते. पण लोकप्रिय म्हणजे सुरक्षित नव्हे.

आठवा ‘कॅमस्कॅनर’. आधार, पॅन, मार्कशीट स्कॅन करायला अनेकांच्या फोनमध्ये हे अ‍ॅप होतं. डाउनलोड १० कोटींहून अधिक. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘कॅस्परस्की’च्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला. जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेल्या बाहेरच्या कोडमधून तो शिरला होता. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्समध्येही ‘कॅमस्कॅनर’ होतं.

दुसरा धोका अ‍ॅपच बंद पडण्याचा. भारतीय भाषांसाठी निघालेलं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झालं. मे २०२५ मध्ये ‘स्काइप’सारखं जुनंजाणतं नावही गेलं. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न ‘यात काय काय मिळतं?’ हा नसावा.

आधी हे चार प्रश्न

१. माझा डेटा बाहेर काढता येतो का? पाच खोट्या नोंदी करा, एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढा आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघा. जमलं नाही, तर पुढचे प्रश्न विचारूच नका.

२. परवानग्या कामापुरत्याच आहेत का? टॉर्चला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’ विभाग वाचा. मात्र ती माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच दिलेली असते, हे विसरू नका.

३. पैसा कुठून येतो? वर्गणी नाही, जाहिरात नाही, सरकारी किंवा देणगीवर चालणारंही नाही. मग खर्च कोण भागवतं, याचं उत्तर शोधा.

४. देखभाल होते का? शेवटच्या अपडेटची तारीख आणि अलीकडचे एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू बघा. खऱ्या तक्रारी बहुधा तिथेच सापडतात.

एवढा वेळ कोणाला आहे?

फोटोवर फिल्टर लावायचा असेल, तर एवढी चौकशी नको. पण दुकानाची उधारी, घरखर्च किंवा कागदपत्रं ठेवायची असतील, तर अर्धा तास द्याच. दुकानदारांनी महिनाभर जुनी खातेवहीही सोबत चालू ठेवावी. महिनाअखेरीस दोन्हीकडची बाकी जुळली, तरच वही मिटावी.

अ‍ॅप काढून टाकायला दोन सेकंद लागतात. त्यात अडकलेला हिशेब सोडवायला किती लागतील, हे मात्र आधीच बघून ठेवायचं असतं.