जमा आणि नावे

दिवाळीला पेढीवरच्या नव्या वह्या पूजण्याची आपली चाल जुनी असून तिच्याविषयी आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती विद्वानाच्या आयुष्याला तीच वही लावू पाहणाऱ्या कारकुनी दृष्टीविषयी, आणि ती मे २०२५ पासून मनात सलत राहिली आहे. २० मे रोजी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर निवर्तले. शोकसभांतून आदराचे शब्द पुष्कळ वाहिले गेले; परंतु सभा संपून मंडळी चहाकडे वळली की हलक्या आवाजात दोन पृच्छा हटकून होत. त्यांच्या निबंधांचे दाखले जगात किती जणांनी दिले, ही एक. आणि त्यांचा सिद्धांत अखेर चुकीचाच ठरला ना, ही दुसरी.

दुसरीचा निकाल आधी लावू. गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी पुरस्कारिलेल्या स्थिर विश्वाच्या कल्पनेला १९६५ साली उजेडात आलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाने जबर धक्का दिला, आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी मांडलेली तिची सुधारित आवृत्तीही बहुसंख्य ज्योतिर्विदांनी स्वीकारली नाही, हे निःसंकोच मान्य करावे. पण तेवढ्याने खटला संपत नाही. १९६४ साली या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाची एक नवी उपपत्ती रचली होती. कणाचे वस्तुमान ही त्याची खाजगी मिळकत नसून विश्वातील इतर यच्चयावत् कणांच्या प्रभावाने ते त्याला प्राप्त होते, हा तिचा गाभा. जून महिन्यात रॉयल सोसायटीच्या सभेत हॉइल यांनी ती मांडल्यावर प्रश्नोत्तरांच्या वेळी बावीस वर्षांचा एक संशोधक विद्यार्थी उठला आणि प्रसरणशील विश्वात या प्रभावांची बेरीज सांत राहत नाही, अनंत होते, असे त्याने भर सभेत सांगितले. नारळीकरांची आकडेमोड त्याने केंब्रिजमध्ये आधीच पाहिलेली होती. तो विद्यार्थी स्टीफन हॉकिंग. आणि ज्या प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणाने त्याच्या कीर्तीचा पाया घातला, त्या प्रबंधाचे पहिले प्रकरण म्हणजे हॉइल-नारळीकर उपपत्तीचे खंडन होय. हा दाखला आता कोणत्या बाजूला मांडावा? मोजणी करणारे यंत्र तो मुकाट्याने जमेला धरते, चहाच्या पेल्याशी कुजबुजणारे तो नावे टाकतात, आणि एखादे मत तितक्या नेमकेपणाने मांडलेले असल्यावाचून त्याचे असे नेमके खंडन होऊच शकत नाही, याची दखल दोघांच्याही दप्तरी नाही.

  

राहिली पहिली पृच्छा. १९७२ साली नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. थाणू पद्मनाभन यांच्यासारखा शास्त्रज्ञ तेथेच त्यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे १९८८ साली पुण्यात त्यांनी ‘आयुका’ ही आंतरविद्यापीठीय खगोल संस्था उभी केली ती मूठभर निवडक विद्वानांच्या एकांतासाठी नव्हे, तर कुठल्याशा आडबाजूच्या विद्यापीठात एकट्याने धडपडणाऱ्या अध्यापकाला येथे येऊन ग्रंथ, संगणक आणि मुख्य म्हणजे वाद घालण्याजोगी माणसे मिळावीत म्हणून. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवण्यास सांगत, आणि सही मिळे ती उत्तराखाली. दाखल्यांच्या गणनेत यातले काही येत नाही.

मौज अशी की ‘आयुका’ला सनद देणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगानेच २०१० साली अध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांकनाचा तक्ता जोडला, पुढे त्यात फेरफार झाले, मोजणी मात्र कायम राहिली. तेव्हा शाळकरी मुलाच्या पोस्टकार्डाला दिलेल्या उत्तराचे गुण त्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात भरावेत, याचा खुलासा आयोगाने करावा. तो आल्यास पुढील अंकात पहिल्या पानावर छापू.