पाहुणे आणि धारासूर
दिवाळीत पुण्या-मुंबईचे पाहुणे परभणीला आले की बेत ठरलेला: गंगाखेडला जनाबाईचं दर्शन, पाथरीला साईबाबा, नाहीतर गाडी थेट वेरूळला. गंगाखेड तालुक्यातच गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे, यादवकाळातलं. तिथं नेलंच तर पाच मिनिटांत पिंडीला हात जोडून सगळे परत गाडीत. हे उलटं झालं. कारागिरांनी जीव ओतला तो बाहेरच्या भिंतींवर. तिथली सुरसुंदरींची शिल्पं गाभाऱ्यातून दिसणार कशी? दगडात दगड चुन्याविना, खाचा जुळवून बसवलेला, आणि वर शिखर मात्र विटांचं, हेही बाहेरूनच कळतं. पाहुणे देवाला आलेत, शिल्पं बघायला नाही, असं कुणी म्हणेल. पण प्रदक्षिणा दर्शनाचाच भाग, आणि ती वाट याच भिंतींच्या कडेनं जाते. मंदिराची पडझड दाखवायची लाज वाटते, हा आक्षेप जास्त प्रामाणिक. तरी निखळलेल्या चिऱ्यातच सांध्याची खाच उघडी पडते, जी एकाच कातळातून कोरलेल्या वेरूळच्या कैलास लेण्यात शोधूनही सापडायची नाही. आजी-आजोबांना सावलीत टेकू द्यावं, बाकीच्यांनी उन्हं कलल्यावर सावकाश फिरावं. तिरप्या उजेडात कोरीवकाम उठून दिसतं.